साक्षीच्या हाताचं माप

"माह्या हात कायले दाबून राह्यली?" युनूसभाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"दाबून नाई राह्यली. पाहून राह्यली."

"हात कोनी दाबून पायते का?"

"आमी तसंच पायतो." जमीलाने नवऱ्याचा अंगठा तळव्यात मुडपला, चारी बोटांची हाडं आपल्या मुठीत गोळा केली, हलकेच चेपली आणि सोडून दिली. "दोन-दहा. हाड मोठं हाये, पन मास मऊ हाये. एवढी वर्सं जीप चालवून हात मऊ कसा राह्यला तुमचा, काय माईत."

"मंग भर एक डझन. खिडकीतून हात बाहीर काढून बसतो."

"कोनाले दाखवान? रस्त्यावर कुत्रं नाई."

खरंच नव्हतं. लॉकडाऊनचा तिसरा आठवडा चालू होता. शेलूबाजारचा हायवे, ज्याच्यावर एरवी ट्रकांच्या हॉर्नमुळे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे, तो असा गप्प पडला होता की घरात बसून सांडशीचा आवाज कोणाच्या घरातला ते ओळखता यावं. युनूसभाईंची जीप दारात उभी होती. ते रोज सकाळी ती धूत. न चाललेली जीप रोज धुतल्यावर तिला जसं चमकायला पाहिजे तशी ती चमकत होती.

जमीला मण्यार बांगड्या भरी. चौतीस वर्षं. आठवडी बाजारात तिची ठरलेली जागा होती, आणि बाजार नसेल त्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन ती आसपासच्या बारा-पंधरा गावांत फिरे. तिच्याकडे माप घ्यायचं कडं नव्हतं, टेप नव्हता. बाईचा हात हातात घेतला की माप कळे. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा. आणि एकदा धरलेला हात ती विसरत नसे. नाव विसरे, घर विसरे, गर्दीत कोणी "चाची, वळखलं का?" म्हटलं की आधी हात पुढे कर म्हणे. हात दाबला की सगळं आठवे: कोणाची सून, कोणत्या पंचमीला कोणता रंग भरला होता, भरताना रडली होती की हसली होती.

आता तीन आठवडे तिच्या हातात कोणाचा हात नव्हता. टीव्हीवर बाया सांगत होत्या, घरात राहा, आनंदी राहा, काहीतरी नवं शिका. जमीलाने पहिल्या आठवड्यात सगळ्या बांगड्या रंगांप्रमाणे लावल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या मोडून मापाप्रमाणे लावल्या. तिसऱ्या आठवड्यात लावायला काही उरलं नाही, म्हणून ती झोपलेल्या नवऱ्याचा हात दाबत बसली होती.

तेवढ्यात फोन वाजला. भागिरथाबाईंचा.

भागिरथाबाई सहा किलोमीटरवरच्या गावातल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचा मुलगा देवमन शेती करी आणि नात साक्षी, देवमनची आईवेगळी मुलगी, अकोल्याला बी.एस्सी.ला होती. साक्षीचं लग्न ठरलेलं होतं, हे जमीलाला माहीत होतं. मे महिन्यात हॉल घेतला होता, चारशे माणसांचा.

"हॉल गेला," भागिरथाबाई म्हणाल्या. "बुद्धपौर्णिमेले घरासमोरच करून राह्यलो आमी. पोराकडचे पाच, आमचे दहा. झालं. पन बांगड्या तूच भराच्या, जमीला. तिच्या मायच्या हातात तूच भरल्या होत्या."

"हिरव्या?"

पलीकडे फोनची ओढाताण झाली आणि साक्षी बोलली. "हिरव्या नको, चाची. साडी पांढरी हाये. मले पांढऱ्या आन् निळ्या पाह्यजेत. एक पांढरी, एक निळी, एक पांढरी."

"जयंतीच्या झेंड्याचा निळा, का आभायाचा?"

"आपल्या झेंड्याचा," साक्षी म्हणाली आणि हसली.

रस्ते आणखी बंद व्हायच्या आत बांगड्या भरून याव्यात म्हणून दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधीच जमीला निघाली. युनूसभाईंनी नको म्हटलं होतं. पोलिसांनी अडवलं तर दवाखान्याचं सांगू, असं तिने ठरवलं होतं. पोलीस नव्हतेच. गावाच्या तोंडाशी मात्र बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या आणि त्यामागे नवीन उभा होता. गावातलाच तिशीचा गडी. तोंडाला गमछा.

"चाची, वापस जा," तो म्हणाला. आवाज वाईट नव्हता.

"साक्षीच्या लग्नाच्या बांगड्या हायेत बापा. भरतो आन् जातो."

"कोनालेच येऊ देत नाई."

त्याच वेळी दूधवाला हरीओम मोटरसायकलवर कॅन बांधून आला. नवीनने काटी सरकवली, हरीओम गेला, नवीनने काटी परत लावली.

जमीलाने त्या काटीकडे पाहिलं. नवीनच बोलला, खाली पाहत. "त्याचं येगळं हाये, चाची. तुमी समजून घ्या. मोबाईलवर काय काय येऊन राह्यलं. तुमच्या लोकायचं. मी नाई म्हनत. गाव म्हन्ते."

"तुया बायकोचा हात दोन-चार हाये," जमीला म्हणाली. "तुया मायचा दोन-सहा. समद्या गावाचे हात माह्या हातातून गेले, नवीन."

"म्हनूनच तर," नवीन म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं. तो काट्या नीट करू लागला.

घरी आल्यावर तिने युनूसभाईंना एवढंच सांगितलं की रस्ता बंद आहे. पण चपला काढून ती मोरीत गेली आणि हात धूत बसली, बराच वेळ. मग भागिरथाबाईंना फोन केला. "मी नाई येत. हरीओमजवळ पाठवतो. साक्षीच्या हातानं भरून घ्या."

"माप पाठवू का तिचं?"

"मले माप सांगता काय, मावशी? दिवाईले तिचा हात धरला मी. दोन-चार. लोण्यावानी. माह्या हाताले याद हाये."

तिने दोन-चारच्या बावीस बांगड्या काढल्या, अकरा-अकरा, एक पांढरी, एक निळी. जुन्या सुती ओढणीत गुंडाळून हरीओमच्या हाती दिल्या. ही झाली तिची चूक.

कारण दिवाळीतला हात राहिला नव्हता. कॉलेज बंद झालं आणि साक्षी घरी आली, तेव्हा देवमनच्या वावरातली हळद नुकतीच खणायला आली होती. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून दर साली येणारे मजूर आले नाहीत. हळद काही थांबत नाही. साक्षीने आणि बापाने मिळून ती खणली, कढईत शिजवली, पसरवली, घासली. महिनाभर. लोण्यासारख्या हाताच्या सांध्यांवर गाठी आल्या, तळवा लाकडासारखा झाला.

संध्याकाळी साक्षीचाच फोन आला. "चाची, जात नाई व."

"साबन लाव."

"लावला. तेल बी लावलं. दोन... दोन वाढल्या चाची."

बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. नवरीच्या हातात तर म्हणतच नाही. साक्षीने अगदी हळू सांगितलं होतं.

"लागलं का तुले?"

"थोडंसंक. रगत थांबलं."

जमीलाने फोन ठेवला. चौतीस वर्षांत नवरीच्या हातात तिची बांगडी वाढली नव्हती. हे ती बाजारात मोठ्याने सांगे. शेजारी बसणाऱ्या खेळणीवाल्याला पाठ होतं. तिने पेट्या बंद केल्या, एकावर एक रचल्या आणि युनूसभाईंना म्हणाली, "ह्या वर ठेवून द्या, माळ्यावर."

"काहून?"

"हात नाई धरता येत, त्या बाईनं बांगड्या काहून ठेवाव्या? बजारात डब्बे भेटतेत. मापाचा नंबर छापलेला राह्यते. घ्या आन् घाला."

"तू डब्बेवाल्यायले शिव्या देत होती ना?"

"देत होती."

युनूसभाईंनी पेट्या उचलल्या नाहीत. "माही कंबर धरली," ते म्हणाले आणि परत जाऊन आडवे झाले. त्यांच्या कंबरेला काहीही झालेलं नव्हतं.

रमजान लागला. पहिल्या रोज्याच्या दुपारी भागिरथाबाईंचा फोन आला. जमीलाने उचलला नाही. परत आला. युनूसभाईंनी उचलला, स्पीकर लावला आणि फोन बायकोच्या मांडीवर ठेवून जीप धुवायला निघून गेले, सकाळीच धुतलेली.

"रागावली का माह्यावर?" भागिरथाबाईंनी विचारलं.

"तुमच्यावर कायले? माह्यावरच. पोट्टीचा हात बदलला आन् मले ठाऊक नाई."

"तुले कसं ठाऊक राहीन? नवीनले बोलली मी काल. म्हनलं, तुया मायले बांगड्या भरून कोन देत होतं रे?"

"मंग?"

"मुंडी हालवली त्यानं. काटी नाई हालवली."

जमीलाला हसू आलं, पण ती हसली नाही.

"आयक, जमीला. तुले एक सांगतो. हे मी साक्षीले बी नाई सांगितलं." पाणी प्यायल्याचा आवाज आला. "आमी बौद्ध व्हाच्या आंधीची गोष्ट. मी सात-आठ वर्साची असन. गावात बांगडीवाला ये. पारावर बसे. आमी दूर, चिचेखाली. तो आमच्या बायायचा हात नाई धरे. बाकीच्या बाया मंग त्याच्या हातून भरत नाईत ना. तो कोन होता, मी कधी इचारलं नाई. तू बी नको इचारू."

जमीलाने विचारलं नाही. पण तिच्या सासऱ्याचे वडील त्याच गावांत पेटी घेऊन फिरत, हे तिला माहीत होतं.

"तर माही माय का करे," भागिरथाबाई पुढे सांगू लागल्या, "अंबाडीची सुतळी घे. वली करून. अंगठा आत मुडपे आन् सुतळीचा वेढा हातावरून काढे. ढिला नाई, तंग नाई. जथी हाड अडते तथी जरासा अडला पाह्यजे, आन् मंग सुटला पाह्यजे. तथी गाठ मारे. वायला की तो वेढा कडक होये, कड्यावानी. तो वेढा ती दुरून त्याच्याकडं फेके. तो त्या मापाच्या बांगड्या काढे आन् फेके. पदरात झेलाच्या. घरी येऊन माय आपल्या हातानं भरे. एक नाई वाढे, जमीला. एक बी नाई."

जमीलाने नकळत आपलाच अंगठा तळव्यात मुडपला.

"आयकून राह्यली का?"

"आयकून राह्यली, मावशी."

"मले तवा लय शरम वाटे, का आपला हात कोनी काहून नाई धरत. मायले इचारलं तं माय म्हने, आपला हात आपल्याले ठाऊक हाये, त्याले कायले पाह्यजे? मंग मी लगन होऊन इकडं आली. तुई सासू आली पेटी घेऊन. मी सवयीनं दूर बसली. थे उठली, माह्याजवळ आली आन् माह्या हात धरला. मले कायी सुचेच ना. घामच फुटला." त्या हसल्या. "आता मी साक्षीच्या हाताचा वेढा पाठवू का तुले?"

जमीलाने ओढणीने नाक पुसलं. "दोन पाठवा," ती म्हणाली. "उजवा हात डाव्याहून मोठा राह्यते."

वेढे दुसऱ्या दिवशी हरीओमच्या कॅनच्या कडीला लटकून आले. दोन, एकाला लाल दोरा बांधलेला, तो उजवा. युनूसभाईंनी ते चिमट्यात धरून साबणाच्या पाण्यात बुडवले.

"अजी, माप बिघडन."

"करोनाले माप कळते का?"

वेढे वाळले. जमीला ते बोटांवर फिरवत बसली. माप मिळालं होतं, पण हात नव्हता. कडक माप आणि जिवंत हात यांत फरक असतो. हाड कुठे अडतं, मांस किती दबतं, हे सुतळीत कसं कळणार? तिने इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात चुलीसाठी तुरीच्या वाळक्या काड्या, तुऱ्हाट्या, पडल्या होत्या. तिने पाच तुऱ्हाट्या घेतल्या, जुडी बांधली, वर उशीतला कापूस लावला आणि युनूसभाईंच्या जुन्या बनियनची पट्टी गुंडाळू लागली. गुंडाळायची, वेढा चढवून पाहायची, सोडायची, परत गुंडाळायची.

"हे का होय?" युनूसभाईंनी विचारलं.

"साक्षीचा हात."

"माह्या बनियनचा?"

"साक्षी, आयक," ती फोनवर विचारी, "अंगठ्याच्या खाली दाबून पाय. हाड लागते का मास?"

"हाड, चाची."

"किती दाबल्यावर?"

"लगेच."

मग तिथला कापूस निघे. "आन् करंगळीखाली?" तिथे थोडा परत येई. तीन दिवसांनी जमीलाच्या मांडीवर दोन हात तयार होते, एक डावा, एक उजवा. ओबडधोबड, बोटं नसलेले, पण डोळे मिटून दाबले तर ते एका वीस-बावीस वर्षांच्या, महिनाभर हळद काढलेल्या मुलीचेच होते. दोन-सहा. उजवा त्याहून किंचित मोठा, पण दोन-आठ नाही.

"घरात बायायचे हात पडले हायेत," युनूसभाई शेजारच्यांना भिंतीवरून सांगत. "रात्री मले भ्या वाटते."

पुढची अडचण साधी होती. दोन-सहाच्या पांढऱ्या होत्या, निळ्या चारच. माल फिरोजाबादेहून येई आणि फिरोजाबादही बंद होतं. जमीलाने जुन्या, रंग उडालेल्या धातूच्या बांगड्या त्याच मापाच्या शोधल्या. त्यांच्यावर रेशमी दोरा गुंडाळला तर? तिच्या शिवणाच्या डब्यात लाल होता, पिवळा होता. निळा नव्हता.

तिने दारातल्या जीपकडे पाहिलं. आरशाला एक मोठा निळा रेशमी गोंडा लटकत होता. युनूसभाईंनी तो जीप घेतली त्या दिवशी लावला होता.

"नाई," युनूसभाई म्हणाले. तिने काही मागितलंही नव्हतं.

"मी कुठं काय म्हनली?"

"पायत होती ना."

"पाहाले बी बंदी हाये का आता?"

इफ्तारनंतर त्यांनी स्वतःच गोंडा काढून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. "पाण्यानं धुतला हाये," एवढंच म्हणाले. मग पुढचे चार दिवस दोघं समोरासमोर बसत. ते दोरा सोडवून देत, ती डिंक लावून बांगडीवर गुंडाळी. फेरा फेऱ्याला चिकटून, मधे धातू दिसता कामा नये. त्यांच्या हातून पहिल्या दोन बिघडल्या. तिसरीपासून ती त्यांनाही गुंडाळायला देऊ लागली. एवढ्या वर्षांत नवरा-बायकोंनी एका कामावर बसायची ही पहिलीच वेळ, आणि दोघंही एकमेकांच्या चुका काढण्यात रमले होते. रोज्यात दिवस कसा जाई कळत नसे. तयार बांगड्या ती तुऱ्हाटीच्या हातांवर चढवी, काढी, परत चढवी. एकही अडत नव्हती. एकही सैल नव्हती.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सकाळी बांगड्या हरीओमसोबत गेल्या. आणि लग्नाच्या दिवशी आठ वाजता फोन आला. युनूसभाईंनी स्पीकर लावला.

"बसलो आमी," भागिरथाबाई म्हणाल्या. विधवेने नवरीच्या हातात बांगड्या भराव्या का, असं कोणी विचारलं नाही. त्या घरात ते विचारायची रीत नव्हती. "पन मले भ्या वाटते, जमीला. आज बी वाढली म्हंजे?"

जमीलालाही तीच भीती होती. माप चुकलं असेल तर आता दुसरं काही करायला वेळ नव्हता, आणि ती तिथे नव्हती. दोन्ही कापडी हात तिने समोर ठेवले, डावा उचलला. "मी सांगतो तसं करा. आंधी डावा. अंगठा आत मुडपा. बोटं ढिली. पांढरी घ्या."

तिने इकडे त्याच मापाची घरात उरलेली एक बांगडी चढवली. तिकडे भागिरथाबाईंनी. फोनमधून बारीक किण् ऐकू आलं.

"गेली," साक्षी म्हणाली.

"निळी."

गेली. पांढरी. गेली. डाव्या हातात अकरा झाल्या. उजव्यातही सात सरसर गेल्या. आठवी अडली.

"हाडावर हाये," भागिरथाबाई म्हणाल्या. "दाबू का?"

"दाबू नका. कायी करू नका. हात तसाच ठेवा." जमीलाने मांडीवरच्या उजव्या कापडी हातावर आपली आठवी बांगडी त्याच हाडाशी आणली. माप बरोबर होतं. तिथून ती गेली होती, दहा वेळा गेली होती. म्हणजे हात बदलला नव्हता, हात आवळला होता. मुलगी घाबरली होती. अशा वेळी समोर असती तर जमीलाने काय केलं असतं? नजरेत नजर घालून काहीतरी विचारलं असतं.

"साक्षी," ती म्हणाली, "सासूचा फोन आला होता का सकायी?"

"आला होता."

"का म्हनली?"

"म्हनल्या, भाकरी थापता येते का."

"मंग तू?"

"मी म्हनलं, मले नाई येत, पन तुमच्या पोराले येते. लॉकडाऊनमधे शिकला थो. मले फोटो पाठवते रोज, नकाशावानी भाकरीचे."

तिकडे हशा झाला. देवमनचा आवाज आला, "फोटो? मले नाई दाखवले." साक्षी हसली, आणि ते हसू हातापर्यंत पोचलं तोच जमीला म्हणाली, "आता, मावशी. दाबू नका. नुसती सरकवा."

किण्.

भागिरथाबाई म्हणाल्या, "गेली वं बाई."

उरलेल्या तीन गेल्या. युनूसभाई दोन्ही हातांचे पंजे दाखवून वर आणखी बारा कसे दाखवायचे याच्या गोंधळात होते. बावीसच्या बावीस. जमीलाने कापडी हात खाली ठेवला. पाठ भिंतीला टेकली.

"पाय ना, चाची," साक्षी म्हणत होती, "व्हिडिओ लावतो, थांब."

"नंतर लाव. आंधी मावशीले दे." जमीला फोनच्या जवळ सरकली. "मावशी, तिचा हात तुमच्या हातात हाये का अजून?"

"हाये."

"गरम हाये का थंडा?"

"थंडा हाये वं. बोटं पार थंडी पडली पोरीची."

"मंग सोडू नका आताच," जमीला म्हणाली. "गरम होईस्तोवर धरून ठेवा. मी हाये फोनवर."